बुंधा उघडा ठेवा

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांदेली साफ करत होते. हात खवल्यांनी भरलेले, म्हणून रिसीव्हर दोन्ही मनगटांत धरून कसाबसा कानाला लावला. पोलादपूरहून तिचा धाकटा भाऊ अनंता बोलत होता. "विजूताय, ताय आपल्याला सोडून गेली गो..." मग तो सांगत गेला. "सकाळी चा घेतला. म्हनली, मागं वहाळाकडं जरा बघून येते. लई वेळ झाला, येयत नाय, म्हनून हाका मारल्या. पाण्याकाठच्या दगडावर बसलेली होती गो. बसली ती बसलीच." माझ्या हातांना मासळीचा वास येत होता आणि मला सारखं तेच जाणवत होतं, की हात धुवायला हवेत, दादाकडे जाऊन सांगायचंय, अशा हातांनी कसं जायचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. तो ओटीवर पेपर वाचत बसला होता. मी सांगितलं. त्यानं चष्मा काढून घडी घातली, खिशात ठेवला, पुन्हा काढून डोळ्यांवर लावला आणि म्हणाला, "पण उद्या येणार होती ना ती?"

नंतर समाचाराला माणसं येत राहिली. वहिनी महाडच्या शाळेत शास्त्र शिकवायची, त्यामुळे निम्मं गाव तिचं विद्यार्थी. आणि उरलेल्या निम्म्याच्या दारात तिनं कधी ना कधी एखादं झाड लावून दिलेलं. म्हणून आलेला प्रत्येक जण चहाचा कप खाली ठेवता ठेवता एकच वाक्य म्हणायचा, "बाई कुठे गेल्यात? आपल्या झाडांच्या रूपानं त्या आपल्यातच आहेत." दादा मान हलवायचा. मी आत उठून जायचे. मी कोर्टात कारकुनी करून म्हातारी झालेली बाई, खोटी साक्ष माझ्या कानाला लगेच टोचते. म्हणणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळतं. पण वहिनी झाडांच्या रूपानं आपल्यात नाही. झाडंच राहिली नाहीत. ज्यांच्या दारातली ती गेली तेच लोक हे वाक्य बोलत होते, आणि एकालाही आपण काय बोलतोय हे कळत नव्हतं... ते कुणीतरी एकदा सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा आमच्या अंगणात फणस होता. अंगण म्हणजे काय, दोन खाटा टाकल्या की संपलं. फणस खाल्ला की आठळी भिंतीकडेला खुपसायची, एवढीच आमच्या घराण्याची बागकामातली विद्या. त्या फणसानं पडवीची भिंत अशी ढकलली होती की फटीतून पलीकडच्यांची भांडी दिसायची. नव्या सुनेनं महिनाभर सगळं पाहिलं आणि एक दिवस आईला म्हणाली, "आई, फणस रानात राजा आहे. इथं तो बिचारा अवघडून उभा आहे." आईचा पारा चढला. "पोलादपूरची पोर तू, अख्खा घाट दारात घेऊन वाढलीस, आणि माझा एवढासा फणस तुझ्या डोळ्यांत खुपतो होय?" वहिनी हसली नाही की रुसलीही नाही. तिनं जुलैपर्यंत वाट पाहिली. जुलैत भिंत पडली. मग फणस गेला आणि त्याच्या जागी, घरात चढायच्या पायऱ्यांना लागून, तिनं कुंती लावली. कामिनी म्हणतात तीच. माणसाच्या डोक्यावर जेमतेम हातभर जाते, मुळं घराच्या वाटेला जात नाहीत, बारा महिने हिरवी, आणि फुलली की चार घरं सोडून माणूस विचारतो, कसला वास येतोय? आईनं वर्षभर त्या झाडाशी अबोला धरला होता. नंतर देवपूजेला तिचीच फुलं लागायला लागली.

नव्वदच्या आसपास महाड भराभर बदलत गेलं. भावाभावांत वाटण्या झाल्या, मोठ्या परसांचे तुकडे पडले, आखाती देशांत गेलेल्यांनी बंगले उठवले, नोकरदारांच्या वसाहती झाल्या. अंगणं कमी झाली नाहीत, नुसती लहान लहान होत गेली. आणि लहान अंगणात लोक लावायचे काय, तर गुलमोहर, निलगिरी, रबर. रोप कमरेएवढं असतं तेव्हा सगळीच शहाणी दिसतात. दहा वर्षांनी कळतं, पण तोवर झाडानं टाकी फोडलेली असते, आणि मग कुऱ्हाड. वहिनीला त्याचा फार त्रास व्हायचा. ती म्हणायची, "झाड तोडणाऱ्याला सगळे शिव्या देतात गं. चुकीच्या जागी लावणाऱ्याला कुणीच काही म्हणत नाही." तिला रोप मागायला आलेल्या माणसाच्या हातात तिनं कधी रोप दिलं नाही. आधी त्याच्या घरी जायची. अंगणात खुर्ची मागून घ्यायची आणि बसायची. ऊन कुठून येतं, पागोळ्या कुठे पडतात, घरातलं म्हातारं माणूस कुठल्या खिडकीशी असतं, हे सगळं बघून झालं की विचारायची, "तुमच्याकडे केर कोण काढतं?" घरमालक गोंधळायचा. मग आतून कुणी सून किंवा म्हातारी बाहेर यायची, आणि पुढचं सगळं बोलणं वहिनी तिच्याशीच करायची. पानं रोज पडली तर चालतील की एकदमच गळून मोकळी झालेली बरी? फुलांचा सडा आवडेल की त्याचा चिकचिकाट होईल? जिच्या हातात झाडू तिच्या मनात नसलेलं झाड त्या घरात टिकत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

हमीदाबींचं घर मला आठवतं. मुलगा कुवेतला. त्यानं तिकडून फोटो पाठवला होता, बंगल्यापुढे दोन उंच पाम. तसलेच पाम हवेत. जागा किती, तर मोरीची टाकी आणि कंपाउंड यांच्यामधली पट्टी. हमीदाबी केर काढत काढत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, त्या पामाचा मला काय फायदा? सावली नाय, फळ नाय. झावळी पडली तर माझंच टाळकं फुटंल." वहिनीनं तिथं बिलिंबी लावली. आटोपशीर झाड, आणि खोडालाच हिरवी आंबट फळं अशी लगडतात की हात वर करावा लागत नाही. मग दरवर्षी हमीदाबींकडून आमच्याकडे बिलिंबीचा डबा यायचा, आणि आमच्या कालवणात त्या वर्षापासून कोकम कमी झालं.

दुसरं घर गुरुजींचं. बौद्धवाडीतून शिकून वर आलेले, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, शब्दाला शब्द मोजून बोलणारे. त्यांनी नवं घर बांधलं आणि वहिनीला बोलावून सांगितलं, "बाई, मला दारात बोधिवृक्ष हवा." दार आणि रस्ता यांत चार-पाच पावलांचं अंतर. पिंपळानं ते घर एका पिढीत पोटात घेतलं असतं. मी म्हटलं, आता वहिनी काय बोलणार? नको म्हटलं तर माणूस दुखावेल, आणि का दुखावू नये? वहिनीनं दारापासून रस्त्यापर्यंत चालून पाहिलं. मग म्हणाली, "गुरुजी, पिंपळ तुमच्या वाडीत विहारापुढच्या मोकळ्या जागेत लावू. त्याला मोठं व्हायला मोकळीक द्यायला हवी. आणि दारात सीतेचा अशोक लावू. सिद्धार्थाचा जन्म अशोकाखाली झाला असंही कुठेकुठे सांगतात ना? मग जन्म दारात, आणि बोधी विहारात." गुरुजींनी चष्मा पुसला. म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या वर्गात असतात तर पहिला नंबर दिला असता." ते अशोकाचं रोप तिनं माहेरच्या वहाळाकाठून बी आणून दुधाच्या पिशवीत वाढवलं होतं. सावकाश वाढणारं झाड. पहिला केशरी गुच्छ आला तेव्हा गुरुजी तो घेऊन चालत आमच्या घरी आले होते.

अशी किती घरं झाली मी मोजली नाहीत, तिनंही मोजली नसतील. रविवारी ती गावातून चक्कर मारायची. मी चिडवायचे, "निघाला वैद्य नाड्या बघायला." ती म्हणायची, "चल की तूही, जिभेला तेवढीच विश्रांती." मीही जायचे. एका गल्लीत अनंत, पुढे तगर, कोपऱ्यावर कलमी सोनचाफा, न्यायाधीशांच्या क्वार्टरपाशी पांढरा कांचन. कुणाच्याही छपराच्या वर एकही गेलेलं नाही, एकाही भिंतीला तडा नाही. तिला गावातली वाट घरांवरून नव्हे, झाडांवरून कळायची. आता वाटतं, ते रविवार फार चांगले होते, आणि ते चालू असताना मला ते फक्त रविवार वाटत होते.

सावित्री नदी दर पावसाळ्यात बाजारपेठेत येऊन जाते, महाडकरांना त्याचं विशेष वाटत नाही. सामान माळ्यावर चढवायचं, पाणी उतरलं की चिखल काढायचा. पण एका वर्षी पाणी माळ्यावर आलं. आजूबाजूच्या गावांतून दरडी कोसळल्याच्या, ऐकवणार नाहीत अशा बातम्या येत होत्या. पाणी उतरलं तेव्हा घरात गुडघाभर गाळ, गादीवर मेलेला साप, पोथ्यांचा लगदा. आणि बाहेर झाडं उभी. चिखलानं माखलेली, पण उभी. वहिनीनं नळीनं कुंतीची पानं धुतली तेव्हा आमची आई गेल्यानंतर पहिल्यांदाच मी तिला मोठ्यानं रडताना पाहिलं. झाडं वाचली म्हणून रडत होती.

पुरानं जे केलं नाही ते नंतर आम्ही केलं. रस्ते उंचावले गेले, त्यामुळे अंगणं खड्ड्यात गेली, साधी सर आली तरी तळं. मग घरोघरी एकच उपाय, मुरमाचा डंपर मागवायचा आणि अंगण भरून रस्त्याच्या वर काढायचं. कुठे गुडघाभर, कुठे कमरेएवढा भराव पडला. झाडं तोडायची नाहीत, हे मात्र सगळ्यांनी कटाक्षानं पाळलं. बाईंची झाडं ना ती! डंपरवाल्याला बजावून सांगायचे, झाडाला धक्का लावू नको, भोवतीनं नीट टाक. आणि तो नीट टाकायचा. बुंध्याला घट्ट लागून, व्यवस्थित चोपून.

वहिनी घरोघर फिरली. "भराव घाला, घालायलाच हवा. पण बुंधा उघडा ठेवा. भोवती विटांचं विहिरीसारखं कडं बांधा, जुनी जमीन तेवढी मोकळी राहू द्या. मुळांना हवा वरून लागते." मी स्वतः ऐकलंय, ती सांगायची, "पांघरूण गळ्यापर्यंत घेतलं तर झोप लागते, नाकावरून घेतलं तर काय होईल?" लोक हसायचे. एक जण म्हणाला, "बाई, आमच्या घरात फ्रीज तरंगला. तुम्ही झाडाच्या नाकाचं काय घेऊन बसलात?" आणि त्याचं तरी काय चुकलं? फक्त गुरुजींनी कडं बांधलं, स्वतः उभं राहून. पण पुढच्या पावसात त्यात पाणी साचलं, डास झाले, तपासणीला आलेल्या माणसानं बुजवा म्हटलं. त्यातच नातू रांगायला लागला होता, सून घाबरली. गुरुजींनी ते बुजवलं, आणि वहिनीला तोंड दाखवायला नको म्हणून कित्येक दिवस आमच्या रस्त्यानं आले नाहीत. यात कुणीही दुष्ट नव्हतं. एखादा असता तर मला आज एवढं हताश वाटलं नसतं, त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते.

आणि आमचं घर. पोलादपूरला वहिनीच्या माहेरची मागची भिंत खचली होती, तिची आई अंथरुणावर, म्हणून ती तिकडे राहायला गेली. दादानं ठरवलं, ही येईपर्यंत अंगण चकाचक करायचं. तिला चिखलातून जा-ये करावी लागते, पाय घसरतो. त्यानं भराव घातला, पाणी मारून चोपला, वर शहाबादी फरशी बसवली. कुंतीच्या खोडाला लागून सिमेंटनं सांधेसुद्धा भरले. वहिनी आली तेव्हा तो दारात उभा होता, लग्नातल्यासारखा. मी तिथेच होते. तिनं फरशीकडे पाहिलं, मग कुंतीकडे, मग दादाच्या तोंडाकडे. "छान झालं," म्हणाली. "आता पाय नाही घसरायचा." साऱ्या गावाला सांगत फिरलेली बाई आपल्या दारात एवढंच बोलली. मी स्वयंपाकघरात तिला धरलं. "सांग त्याला! नाहीतर मी सांगते." ती म्हणाली, "नको गं विजू. उन्हात उभं राहून माझ्यासाठी केलंय त्यानं." मग दिवाळीनंतर एकदा तिनं दादाला सहज विचारल्यासारखं विचारलं, खोडाजवळच्या चार फरश्या काढता येतील का? दादा म्हणाला, "बघू की पुढे."

पुढे बघायची वेळच आली नाही, कारण पुढच्या वर्षी झाडं फुलली. काय फुलली म्हणून सांगू! आमची कुंती पानं दिसू नयेत इतकी पांढरी झाली. गुरुजींचा अशोक बुंध्यापासून शेंड्यापर्यंत केशरी. हमीदाबींची बिलिंबी अशी लगडली की त्यांनी गल्लीत वाटून उरलेलं लोणचं घातलं. सगळं गाव खूश. लोक फुलं घेऊन आमच्याकडे येऊ लागले, ओंजळी भरभरून, तिला चिडवायला. "बघा बाई, तुम्ही उगाच घाबरवलं होतं. भराव चांगलाच मानवला की!" दादाही हसून म्हणाला, "शास्त्राच्या बाई नापास." वहिनी सगळ्यांची फुलं पदरात घ्यायची, घरात जाऊन परातीत ठेवायची. परात भरली, मग सूप भरलं, मग तिनं उंबरठ्याच्या आत जुनं वर्तमानपत्र पसरलं. मी म्हटलं, "अगं, एवढी फुलं, आणि तुझं तोंड असं का?" तेव्हा ती म्हणाली, "झाड मरायला लागलं की असं फुलतं विजू. जेवढं बी टाकता येईल तेवढं टाकून घेतं." आणि बाहेर कुणीतरी हाक मारली तशी डोळे पुसून, हसरं तोंड करून फुलं घ्यायला गेली.

त्यानंतर दोन-तीन वर्षं लागली. पांढऱ्या फुलांचा अनंत आधी गेला, मग सोनचाफे, एकेक फांदी शेंड्याकडून वाळत. लोक म्हणाले, कीड पडली. म्हणाले, हवा बदलली. कुणी औषध फवारलं, कुणी बुंध्याशी आणखी माती ओढली. गुरुजींच्या अशोकाला पान धरेना, तेव्हा ते एकदा आले आणि नुसते बसून गेले. मोकळ्या झालेल्या जागी फरश्या आल्या, मोटारसायकली आल्या. बिलिंबी सगळ्यात शेवटी गेली. वहिनीनं रविवारची चक्कर बंद केली. बाजारात जायचं तर मागच्या गल्लीनं जायची, जिथे तिनं कधी काही लावलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर तर ती महिन्यातले बरेच दिवस पोलादपूरलाच असायची. कुणी रोप मागायला आलं की म्हणायची, "आता नाही हो जमत." दुधाच्या पिशव्या तिनं धुऊन ठेवणं सोडलं, मला विचारलं, "कचऱ्यात टाकू?" माणूस जाण्याआधी कधी जायला लागतो, ते डॉक्टरांनी सांगावं. मला मात्र तो दिवस ठाऊक आहे.

कुंतीचं खोड अजून दारात उभं आहे, साल सुटलेलं. दादानं ते काढलं नाही. वहिनीनंही काढू दिलं नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर काही आठवड्यांनी मी सकाळी बाजारातून भाजी घेऊन आले, तर दादा फरश्या उखडत होता. ह्या वयात, हातात पहार. मी म्हटलं, "दादा, काय करतोस हे?" तो थांबला नाही. फरशी निघाली, खाली लाल मुरूम, दगडासारखा. तो खणत राहिला. मी म्हटलं, "अरे, झाड मेलंय. आता बुंधा उघडून काय उपयोग?" "ते कळतं मला," तो म्हणाला. दुपार कलली तेव्हा काळी माती लागली, जुनी, आणि कुजलेल्या सालीचा वास आला. त्या मातीला लागून भरावाखाली गेलेली घराची सगळ्यात खालची पायरी दिसली. शाळेतून आली की वहिनी त्याच पायरीवर बसायची, एक हात कुंतीच्या बुंध्यावर ठेवून, आणि चहा तिथेच मागायची. मी ते विसरले होते. दादा खड्ड्यात उभा होता, कमरेपर्यंत. म्हणाला, "विजू, घरात आल्यापासून ती माझ्याजवळ चहाशिवाय काही मागायची नाही. एकदाच चार फरश्या मागितल्या होत्या." मग तो खाली वाकला आणि इतक्या वर्षांत न रडलेला माझा भाऊ त्या पायरीला धरून रडला.

आता पावसाळा तोंडावर आहे. शेजारी सांगतात, बुजवून टाका, कुणीतरी पडेल. दादा हो म्हणतो. पहिल्याच मोठ्या पाण्यात तो खड्डा भरणार, पायरी पुन्हा गाळाखाली जाणार, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी तो रोज सकाळी आंघोळीआधी स्टूल ठेवून खाली उतरतो, ओल्या फडक्यानं पायरी पुसतो, शेजारी चहाचा कप ठेवतो आणि वर येतो. स्वतः तिच्यावर बसत नाही.